बिऱ्हाड आणि बाग



गेल्या महिन्यांत नागपूरच्या एका वाचक-स्नेह्यांचें पत्र आलें. त्यांच्या चिरंजीवांची बदली मुंबईस झाली आहे. सूनबाई, दोन नातवंडें आणि स्वतः पत्रलेखक व त्यांचें कुटुंब धरून घरांत सहा माणसें. "दादर-माटुंग्याच्या बाजूस बागांच्या सान्निध्यांत दोन खोल्यांची जागा भाड्यानें घ्यावी, कीं तेवढ्याच पैशांत दूरच्या उपनगरांत चार खोल्यांचें ऐसपैस बिऱ्हाड करावें? आपला सारा जन्म त्या भागांत गेला आहे; तरी निःसंकोचपणें लिहावें," अशी त्यांची आज्ञा आहे. एरव्हीं अशा घरगुती प्रश्नास आम्ही खाजगी पत्रानें उत्तर देतों. परंतु हाच प्रश्न तीन वर्षांपूर्वी आमच्या स्वतःच्या घरांत उभा राहिला होता, आणि त्याचें उत्तर देतां देतां आमचें एकत्र कुटुंब दोन ठिकाणीं विभागलें गेलें. तेव्हां त्या अनुभवानें जें कांहीं शिकविलें, तें सर्वच वाचकांपुढें ठेवावें असें मनांत आलें.

प्रथम त्या वस्तीची पूर्वपीठिका थोडक्यांत सांगितली पाहिजे. १८९६ सालीं मुंबईस प्लेगनें गाठलें. मांडवीच्या दाट वस्तींत त्याची पहिली चाहूल लागली, आणि पाहतां पाहतां लाखों लोक शहर सोडून गेले. प्लेग हा उंदरांवरील पिसवांच्या योगें पसरतो, हें आज शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. पण त्या काळच्या पुष्कळ अधिकाऱ्यांची समजूत अशी होती कीं, हा रोग कोंदट हवेंत आणि अंधाऱ्या खोल्यांत उपजतो. निदान अपुरें होतें, पण औषध मात्र चांगलें निघालें! दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढावे आणि शहराच्या उत्तरेस हवा व उजेड असलेली नवी वस्ती वसवावी, या हेतूनें १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची योजना ही त्याच ट्रस्टची. रस्ते आधीं आखावे, बागांसाठीं जागा आधीं राखून ठेवाव्या, इमारतींची उंची बेताची असावी व दोन इमारतींच्या मध्यें वारा खेळावा, असा तिचा बेत होता. घर आधीं व रस्ता मागाहून, अशी जी आपल्याकडील जुनी रीत, तिच्या हें अगदीं उलट झालें.

याच योजनेंत दादरच्या पूर्वेस हिंदु कॉलनी व पारशी कॉलनी वसली. पारशी कॉलनीचें श्रेय ट्रस्टमधील एक अभियंते मंचेरजी एदलजी जोशी यांस आहे. तेथील फाइव्ह गार्डन्सला, म्हणजे पांच बागांना, त्यांचेंच नांव दिलेलें आहे. त्या कॉलनींत फिर्दोसी रस्त्यावर महोगनीची रांग आहे, तर जाम-ए-जमशेद रस्त्यावर अशोकाची. रूळ ओलांडून पश्चिमेस गेलें म्हणजे शिवाजी पार्कचें विस्तीर्ण मैदान लागतें. तें नगरपालिकेनें १९२५ सालीं लोकांस खुलें केलें; त्या वेळीं त्यास माहीम पार्क म्हणत. अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून १९२७ सालीं त्यास शिवछत्रपतींचें नांव मिळालें. या सर्व भागांत राहावयास आले ते बहुतेक नोकरदार, शिक्षक, वकील आणि कारकून. आणि आले ते बहुतांशीं भाडेकरू म्हणूनच.

संस्कृतांत बागेला 'आराम' म्हणतात. अमरकोशांत आराम व उपवन हे शब्द माणसानें लावलेल्या वनाचे वाचक म्हणून दिले आहेत. मराठींत बाग नाहींशी झाली आणि विश्रांति तेवढी शिल्लक राहिली. आपल्या धर्मशास्त्रांत इष्ट आणि पूर्त असे पुण्यकर्माचे दोन भाग सांगितले आहेत. यज्ञयाग हें इष्ट. विहिरी, तळीं, देवालयें, अन्नदान व आराम हें पूर्त. म्हणजे दहाजणांनीं बसावें म्हणून झाड लावणें हें आपल्या पूर्वजांनीं यज्ञाच्या पंक्तीस बसविलें होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां आमची हकीकत. आमच्या आजोबांनीं स्वातंत्र्यापूर्वी हिंदु कॉलनींत तीन खोल्या आणि एक गॅलरी अशी जागा भाड्यानें घेतली. आमचा जन्म त्याच घरांतला, आणि चिरंजीवांचाहि. गॅलरीसमोर एक जुना पर्जन्यवृक्ष होता. तिन्हीसांजेस त्याचीं पानें मिटलीं कीं, मातोश्री देवापाशीं दिवा लावीत. घड्याळाकडे पाहण्याचें त्यांस कधीं कारण पडलें नाहीं.

या घराचें भाडें किती होतें, हें सांगावयास आम्हांस आज लाज वाटते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें सर्वसाधारणपणें १ सप्टेंबर १९४० रोजीं असलेलें भाडें प्रमाण मानलें, आणि तें जवळजवळ जागच्या जागीं खिळून राहिलें. पुढें १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला व दरसाल शेंकडा ४ वाढीची मुभा मिळाली. पण मुळांतच जें नाममात्र, त्याची वाढ ती कितीशी होणार? आमचें मासिक भाडें घरांतील एका महिन्याच्या चहाच्या खर्चाहूनहि कमी होतें. कायद्यानें निर्धास्त झालेले आम्ही भाडेकरू दर पावसाळ्यांत गळतीची तक्रार करीत असूं, आणि मालक दर पावसाळ्यांत भाड्याची पावती दाखवून हंसत असत. दोघेहि कायद्यानें बरोबर होतों. इमारत मात्र कायदा जाणत नव्हती; ती हळूहळू खचत गेली.

येथें आणखी एक मौज सांगण्याजोगी आहे. ट्रस्टनें या भागांतील जमिनी दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें दिल्या. म्हणजे आमचे घरमालक इमारतीचे धनी खरे, पण जमिनीपुरते तेहि पट्टेदारच! ही गोष्ट आमच्या लक्षांत आली, त्या दिवसापासून मालक आणि भाडेकरू या शब्दांतील अंतर आम्हांस पूर्वीइतकें मोठें वाटेनासें झालें.

अखेर इमारत धोक्याची ठरली. पुनर्विकासाचा करार झाला आणि नऊ माणसांनीं तीन वर्षांपुरती दुसरी जागा शोधावी असें ठरलें. बांधकाम करणाऱ्या मंडळींकडून भाड्यापोटीं जी रक्कम मिळणार होती, तींत त्याच भागांत दोन लहान खोल्यांची जागा कशीबशी बसत होती. डोंबिवलीस मात्र त्याच पैशांत चार खोल्या मिळत होत्या. घरांत विचारविनिमय सुरू झाला. मातोश्रींचें वय तेव्हां ८३. गुडघ्यांनीं त्या अधू. पण सकाळ-संध्याकाळ काठी टेकीत बागेला एक फेरी घालणें हें त्यांचें व्रत. धाकट्या बंधूंची कन्या परीक्षेस बसणारी. अभ्यासास तिला दार लावून घेतां येईल अशी खोली हवी.

मातोश्री एवढेंच म्हणाल्या, "मला दाराशीं चार झाडें असलीं म्हणजे पुरे. पण तुम्ही दोघे वेगळे राहूं नका."

धाकटे बंधू कांहीं वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दादा, आईला बाग हवी आणि पोरीला खोली हवी. दोन्हीं एका घरांत बसत नाहींत. तूं आईला घेऊन इथेंच राहा, आम्ही डोंबिवलीस जातों."

त्यावर आम्ही जें बोललों तें येथें लिहवत नाहीं. वडील माणसाच्या तोंडीं जें शोभूं नये तेंच तें होतें. एकत्र कुटुंब मोडण्याचा दोष आम्हीं त्यांच्या पदरीं घातला, आणि पोरीच्या अभ्यासाचें केवळ निमित्त आहे असें म्हणालों. चाळीस वर्षें परक्यांच्या मुलांस अभ्यासाचें महत्त्व सांगणाऱ्यानें घरच्या मुलीविषयीं असें बोलावें! सामानाचे दोन टेंपो एकाच दिवशीं निघाले. एक पांच बागांकडे गेला, एक डोंबिवलीकडे. पुढें तीन महिने आम्हां भावांचें बोलणें नव्हतें.

जागा शोधतांना घडलेली एक गोष्टहि सांगितली पाहिजे. एका मालकांनीं आमचें आडनांव ऐकलें, आहाराची चौकशी केली, आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "मास्तर, तुमच्यासारख्यांसाठींच जागा ठेवली आहे." आम्हांसहि क्षणभर बरें वाटलें. जिना उतरतों तों आमचाच एक जुना विद्यार्थी पत्नीसह खालीं उभा. शिकून मोठ्या हुद्द्यावर चढलेला मुलगा. तीच जागा त्यानें आदल्या दिवशीं मागितली होती, आणि आडनांव ऐकतांच ती 'दिली गेली' होती. तो हंसून म्हणाला, "सर, तुम्हांला मिळाली ना, मग बरें झालें." ती जागा आम्हीं घेतली नाहीं. परंतु मालकांस त्याचें कारणहि सांगितलें नाहीं. नुसतें 'जमत नाहीं' असें कळविलें. हें मौन आम्हांस अजून टोंचतें. घर देतांना माणसें जात विचारतात. बागेंतील बाकावर बसतांना कोणी कांहीं विचारीत नाहीं. आमच्या मातोश्रींच्या शेजारीं रोज एक पारशी आजोबा, एक माटुंग्याच्या तमिळ आजी आणि कडेवर दुसऱ्याचें मूल घेतलेली एक दाई बसते. चौघांची भाषा एक नाहीं. तरी गुडघ्यांचें दुखणें चौघांस सारखें समजतें.

तीन महिन्यांनंतर एका रविवारीं मातोश्रींस फिरावयास नेलें असतां, फाटकापाशीं धाकटे बंधू उभे दिसले. हातांत डबा. सोबत वहिनी आणि पुतणी. त्यांनीं आमच्या घरीं येण्याचें टाळलें होतें. पण बाग कोणा एकाच्या घरची नव्हती, म्हणून तेथें येण्यास त्यांस संकोच वाटला नाहीं. आम्हांसहि 'या' म्हणावयाचें कारण पडलें नाहीं. डब्यांत भरलीं वांगीं आणि भाकरी होती. आम्ही पुतणीस अभ्यासाचें विचारलें. तिनें एक संस्कृत श्लोक अडला आहे असें सांगितलें, आणि त्या झाडाखालीं अन्वय लावतां लावतां भावांचा अबोला कसा सुटला, तें कळलेंहि नाहीं. तेव्हांपासून दर रविवारीं हाच क्रम चालू आहे. दोन खोल्यांच्या जागेंत नऊ माणसें बसूं शकत नाहींत. पण बागेंत बसतात. त्या दिवसापासून आम्ही बागेस आमचें माजघर म्हणतों.

येथें नागपूरकर स्नेह्यांच्या प्रश्नाचें उत्तर येतें. खोल्या मोजतांना बाग ही एक खोली म्हणून मोजावी. आणि घर कोणासाठीं घ्यावयाचें, याचा निर्णय जो दिवसभर घरांत असतो त्याच्याकडे पाहून करावा. कमावता मनुष्य सकाळीं जातो आणि रात्रीं झोपावयास येतो. म्हातारीं माणसें, लहान मुलें आणि घर सांभाळणारी सून हींच खरोखर घरांत राहतात. त्यांना दुपारीं चार वाजतां पायीं जातां येईल असें झाड जवळ असेल, तर दोन खोल्या चारांसारख्या होतात. मात्र घरांत परीक्षेस बसणारें मूल असेल, तर त्याचीहि गरज तितकीच खरी मानावी. आमच्यासारखी तिची हेटाळणी करूं नये.

जागा पाहण्याविषयीं कांहीं व्यावहारिक सूचनाहि देऊन ठेवतों. पहिली ही कीं, जागा एकदांच पाहूं नये. सकाळीं, दुपारीं व रात्रीं अशी तीन वेळां पाहावी, आणि जमल्यास एकदां पावसांत. मोठ्या झाडांलगतच्या खालच्या मजल्यांवर भर दुपारीं दिवा लावावा लागतो, डास फार असतात, आणि पावसाळ्यांत भिंतींना ओल धरते. दुसरी, बागेचें फाटक केव्हां उघडतें व केव्हां मिटतें, हें दलालास न विचारतां फाटकावरील पाटीवर वाचावें. तिसरी, मैदानालगत राहणाऱ्यानें खिडकीच्या कांचेवर आणि दुपारच्या झोंपेवर फार माया ठेवूं नये. चौथी, 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणजे ठराविक मुदतीपुरती राहण्याची परवानगी. तिनें कुळाचा हक्क मिळत नाहीं. मुदत संपल्यावरहि जागा न सोडल्यास ठरलेल्या रकमेच्या दुपटीनें भरपाई द्यावी लागते. करार लेखी असावा व त्याची नोंदणी व्हावी, ही जबाबदारी १९९९ च्या कायद्यानें मालकावर टाकलेली आहे. तरी भाडेकरूनें ती होईपर्यंत स्वस्थ बसूं नये. अनामत रकमेचा उल्लेख करारांतच असावा. पंखे, दिवे, नळ, कपाटें यांची यादी करून तीवर दोघांच्या सह्या घ्याव्या. तोंडी सलोखा आरंभीं फार गोड असतो. तो शेवटीं उपयोगीं पडेलच असें नाहीं.

पण खरी गोष्ट याहून पुढेंच आहे. घराचें भाडें मागावयास मालक येतो. बागेचें भाडें मागावयास कोणी येत नाहीं. त्यामुळें तें थकत जातें, आणि थकल्याचें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. आमच्या जुन्या इमारतीचें असेंच झालें. अल्प भाडें देऊन आम्ही निश्चिंत राहिलों, आणि ती खचली. आज तिच्या जागीं कितीतरी उंच इमारत उभी राहणार आहे. शेजारच्याहि इमारती तशाच वाढत आहेत. जेथें सहा बिऱ्हाडें होतीं तेथें चाळीस येतील. त्यांच्या मोटारी येतील, मुलें येतील, म्हातारींकोतारीं येतील. इमारतीवर मजले चढवितां येतात. बागेवर बाग चढवितां येत नाहीं. ती आखणाऱ्यांनीं जेवढी सोडली तेवढीच. तींतूनहि कोठें मोटारी उभ्या राहतात, कोठें बुंध्याभोंवतीं सिमेंट घातलें जातें. मुळांस पाणी व हवा न मिळाल्यामुळें तें झाड पुढें एखाद्या पावसाळी रात्रीं कोसळतें, आणि आपण वाऱ्यास दोष देतों.

हें भाडें कसें फेडावें? फार मोठें कांहीं करावें लागत नाहीं. नगरपालिकेच्या विभाग कार्यालयांत उद्यान खातें असतें. फुटलेला नळ, वाळलेली फांदी, सिमेंटनें आवळलेला बुंधा यांविषयीं तेथें लेखी कळवावें व पोंच घ्यावी. १९७५ च्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्यानें शहरांतील झाड परवानगीवांचून तोडणें हा गुन्हा आहे, हें शेजाऱ्यांस सौम्यपणें सांगावें. वैशाखांत नवीन रोपांस घरून दोन तांबे पाणी न्यावें. मुलांस झाडांचीं नांवें शिकवावीं. ज्याचें नांव ठाऊक असतें, त्याच्यावर कुऱ्हाड पडलेली मनुष्य मुकाट्यानें पाहत नाहीं. आमचा सहा वर्षांचा नातू आतां महोगनी आणि अशोक पानांवरून ओळखतो. आंकडे मात्र अजून चुकवितो. पण तें पुढें सुधारेल.

येत्या महिन्यांत आमचा अकरा महिन्यांचा तिसरा करार संपतो आहे. जुन्या जागेवर अद्याप पायाचे खांबच जमिनीवर डोकावूं लागले आहेत. तीन वर्षें म्हणून सांगितलेलें काम आणखी किती चालेल, याचा भरंवसा धरवत नाहीं. नव्या करारांत मालकांनीं भाडें वाढवून मागितलें आहे, आणि मिळणाऱ्या रकमेंत तें बसत नाहीं. आम्हीं मनाशीं ठरविलें होतें कीं, आतां आपणहि डोंबिवलीस जावें व मातोश्रींची समजूत घालावी. गेल्या रविवारीं बाकावर बसल्या बसल्या धाकट्या बंधूंस तसें सांगितलें. त्यांनीं हिशेबाचा कागद आमच्या हातून घेतला, वाढीव रकमेचे दोन भाग केले, आणि एका भागापुढें स्वतःचें नांव लिहिलें.

आम्ही म्हणालों, "तूं तिकडचें भाडें भरतोस, मग हें कशास?"

ते म्हणाले, "दादा, खोल्यांचें तूं भर. माजघर सामाईक आहे."

मातोश्री शेजारींच होत्या. त्यांस ऐकूं कमी येतें. पण कागद त्यांनीं पाहिला होता. त्या काठी टेकून उठल्या आणि म्हणाल्या, "चला, माझी फेरी राहिली आहे." दोन्हीं बाजूंस दोन मुलगे घेऊन त्यांनीं ती फेरी पुरी केली.

नागपूरकर स्नेह्यांनीं यावरून आपला निर्णय करावा. त्यांनीं इकडे बिऱ्हाड केलें, तर एखाद्या रविवारीं पांच बागांकडे अवश्य यावें. बाक लांब आहे; सहा माणसें सहज मावतील.